बियाण्याच्या नकाशातले कोसंबी

मृग लागला की मोताळ्याच्या कृषी केंद्रांसमोर बियाण्यासाठी गर्दी होते. कपाशीचे कोणते वाण, मक्याचे कोणते, सोयाबीन घरचे पेरायचे की विकतचे, याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत चालते. त्या पाकिटामागे वनस्पती-पैदासकारांची वर्षानुवर्षांची मेहनत असते. कोणता गुण कोणत्या जनुकात आहे आणि ते जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे बसले आहे, याचे नकाशे ते तयार करतात. या कामासाठी संगणकावर जे प्रोग्रॅम वापरतात, त्यात एका टप्प्यावर दोन नावांतून एक निवडावे लागते. एक नाव हाल्डेन, दुसरे कोसंबी. मका असो, कपाशी असो की भात, जगातल्या पुष्कळ जनुकीय नकाशांवरची अंतरे कोसंबींच्या सूत्राने काढलेली आहेत. मानवी गुणसूत्रांच्या काही नकाशांसाठीही तेच सूत्र वापरले गेले.

हे कोसंबी म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेले दामोदर धर्मानंद कोसंबीच. मात्र त्यांच्या हयातीत या सूत्रामुळे त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. ज्या गणितामुळे त्यांचे नाव चर्चेत आले, ते चुकीचे निघाले आणि त्याच सुमारास त्यांची नोकरीही गेली. संशोधकाचे मोल कशावरून ठरवावे, यावर आज विद्यापीठांत जो वाद चालू आहे, त्याची जवळजवळ सगळी अंगे या एका माणसाच्या आयुष्यात सापडतात.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. ज्ञानाच्या ओढीने ते घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असे भटकले होते. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवू लागले आणि एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बोलावणे आले. १९१८ मध्ये ते पुन्हा तिकडे निघाले तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर होते. (धर्मानंदांचा शेवट आपल्या विदर्भात झाला. जून १९४७ मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला.)

दामोदरचे शाळा-कॉलेज तिकडेच झाले. हार्वर्डमध्ये गणिताचे नामवंत प्राध्यापक बर्कहॉफ यांना वाटे की या मुलाने सगळे लक्ष गणिताकडे द्यावे. मुलाने ते ऐकले नाही. ज्या विषयाची ओढ लागेल तो विषय त्याने घेतला, कितीतरी भाषा शिकल्या आणि तरीही १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. त्याच वर्षी तो भारतात परतला. पीएच.डी. त्याने तेव्हा केली नाही आणि पुढेही कधी केली नाही. आजच्या नियमांनी त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडला असता.

बनारस हिंदू विद्यापीठात दोनेक वर्षे शिकवल्यावर कोसंबी अलीगढला गेले. तिथे गणित विभागाची धुरा आंद्रे वेल या पंचविशीतल्या फ्रेंच माणसाकडे होती, जो पुढे विसाव्या शतकातला एक थोर गणिती ठरला. विभागात कोसंबींचे एका सहकाऱ्याशी जमत नव्हते. त्याची जिरवण्यासाठी वेल यांनी एक खोडी सुचवली. त्यातून १९३१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या, विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत कोसंबींचा एक निबंध छापून आला. त्यात बोर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार केला होता. क्रांतीच्या धामधुमीत या गणितज्ञावर विषप्रयोग झाला, असेही त्यात होते. गंमत अशी, की असा गणितज्ञ कधी जन्मालाच आला नव्हता. संपादकांना याचा पत्ता लागला नाही. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच नाव घेऊन एकत्र ग्रंथलेखन सुरू केले आणि निकोला बोर्बाकी हे गणितातले एक मोठे नाव झाले. गणिती वाङ्मयात ते नाव पहिल्यांदा छापले गेले ते मात्र कोसंबींच्या या निबंधात. संदर्भ दिला म्हणजे कोणी तो तपासलाच असेल असे नाही, हे त्या वेळीही खरे होते.

१९३३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले. वडिलांचेच कॉलेज, पगार बेताचा आणि विषय गणित. इथली बारा वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुपीक. एकीकडे पाथ-जिओमेट्री या भूमितीच्या शाखेत त्यांचे काम चालू होते. त्यासाठी १९३४ मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. दुसरीकडे त्यांना संख्याशास्त्राची गोडी लागली, आणि तीही अशी की नुसते पुस्तक वाचून भागेना. खऱ्या मोजमापांवर हात बसावा म्हणून त्यांनी हाती घेतली ती जुनी चांदीची आहत नाणी.

नाणे हातोहात फिरते तसे झिजते. टाकसाळीतून एकाच वजनाची निघालेली नाणी शंभर वर्षांनी सरासरीने हलकी झालेली असतात आणि त्यांच्या वजनातली तफावतही वाढलेली असते, कारण काही नाणी जास्त फिरतात, काही कमी. हे खरे आहे का, ते पाहायला कोसंबींनी चालू वापरातली नाणीही तोलली. मग तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांवर हाच हिशेब लावून कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची हे सांगितले. सोनाराच्या तराजूचे काम, पण त्यातून इतिहासाच्या कालगणनेला एक नवे साधन मिळाले. पुढे दख्खनच्या डोंगरवाटा पायी तुडवून त्यांनी भारताच्या इतिहासावर जे ग्रंथ लिहिले, त्याची सुरुवात या तराजूपासून झाली. तो मोठा आणि वेगळा विषय आहे.

१९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा तेरा पानांचा एक निबंध आला. सतत बदलत जाणाऱ्या राशी, म्हणजे दिवसभराचे तापमान, वाऱ्याचा वेग किंवा हृदयाच्या ठोक्यांचा ईसीजीवरचा आलेख, यांच्यातला महत्त्वाचा भाग मोजक्या तुकड्यांत कसा पकडावा, याचे गणित त्यात होते. महायुद्ध चालू होते. जहाजे बुडत होती आणि नियतकालिके वेळेवर पोहोचत नव्हती. पुढच्या तीन-चार वर्षांत फिनलंडमधले कारहुनेन आणि फ्रान्समध्ये शिकलेले लोएव्ह यांनी, एकमेकांशी आणि कोसंबींशी संबंध नसताना, तीच गोष्ट मांडली. जगभर ती कारहुनेन-लोएव्ह या नावाने ओळखली जाऊ लागली. चित्रे कमी जागेत साठवणे, चेहरा ओळखणे, ईसीजीतला गोंगाट वेगळा काढणे अशा कितीतरी कामांच्या मुळाशी आज हे गणित आहे.

कोसंबी मागे का राहिले, याचे सरळ उत्तर म्हणून भारतीय नियतकालिकाकडे बोट दाखवले जाते. ते अर्धेच खरे आहे. कारहुनेन यांनीही आपले काम फिनलंडच्या अकादमीच्या प्रकाशनातच छापले होते. फरक पडला तो लोएव्ह यांच्यामुळे. ते पुढे कॅलिफोर्नियात बर्कलेला गेले, १९५५ मध्ये त्यांनी संभाव्यतेवर एक जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पुण्यात कोसंबींभोवती या विषयाचे विद्यार्थी नव्हते. आता काही लेखक कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे तिहेरी नाव लिहू लागले आहेत.

बियाण्याच्या नकाशाचे सूत्र याच सुमाराचे, १९४४ चे. ॲनल्स ऑफ युजेनिक्स या इंग्लंडमधल्या नियतकालिकातली ती अवघी चार पाने. युजेनिक्स, म्हणजे मानववंश सुधारण्याच्या नावाखाली चाललेला विचार, नाझींच्या अत्याचारांनंतर इतका बदनाम झाला की १९५४ मध्ये या नियतकालिकाने आपले नावच बदलून ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स असे ठेवले. मुखपृष्ठावरच्या नावावरून आतला मजकूर जोखला असता, तर ही चार पाने कधीच अडगळीत गेली असती.

त्या चार पानांत काय होते? आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोडीत, बीजपेशी तयार होताना, तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके एकमेकांपासून लांब असतील तर मध्ये अदलाबदल होण्याची शक्यता जास्त, जवळ असतील तर कमी. म्हणून पुढच्या पिढीत किती रोपांमध्ये जोडी फुटली, ते मोजून अंतर काढता येते. अडचण अशी, की दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर जोडी पुन्हा जुळते आणि मोजणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्यामुळे नुसत्या मोजणीतून अंतर खऱ्यापेक्षा कमी येते. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिले होते. एका ठिकाणची अदलाबदल दुसऱ्या ठिकाणच्या अदलाबदलीला अडवत नाही, असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात ती अडवते. एकदा अदलाबदल झाली की अगदी शेजारी दुसरी सहसा होत नाही, जसजसे लांब जावे तसतसा हा अडसर विरत जातो. कोसंबींनी हे विरत जाणे सूत्रात बसवले.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. समजा शंभरांपैकी तीस रोपांत जोडी फुटलेली दिसली. हाल्डेन यांच्या सूत्राने दोन जनुकांतले अंतर सुमारे ४५.८ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३४.७. सेंटिमॉर्गन हे या नकाशांवरचे अंतराचे माप. रोगाला तोंड देणारे जनुक शोधताना इतका फरक म्हणजे मोताळ्याला उतरायचे सोडून मलकापूरला उतरल्यासारखे. कोसंबींचे सूत्र सोपे आहे, कागद-पेन्सिलीने सोडवता येते आणि बऱ्याच सजीवांत प्रत्यक्षाशी बऱ्यापैकी जुळते. ते टिकले ते त्यामुळे. कोसंबी मात्र त्या चार पानांनंतर दुसऱ्या कामाला लागले.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. घर पुण्यात, संस्था मुंबईत. सकाळी डेक्कन क्वीनने जायचे, संध्याकाळी परत यायचे, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. गाडीतल्या त्या तासांत त्यांचे कितीतरी वाचन-लेखन झाले. १९४८-४९ मध्ये ते अमेरिकेत होते. शिकागोला त्यांनी भूमिती शिकवली, प्रिन्स्टनला आइन्स्टाईन यांच्याशी त्यांच्या गाठीभेटी झाल्या.

पन्नाशीच्या दशकात मतभेद वाढत गेले. कोसंबी मार्क्सवादी होते, जागतिक शांतता चळवळीत होते. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुभट्ट्यांपेक्षा सूर्याच्या ऊर्जेकडे लक्ष द्यावे, असा आग्रह ते जाहीरपणे धरत. अणुऊर्जा कार्यक्रमाच्या प्रमुखाच्याच संस्थेत बसून असे बोलणे सोपे नव्हते. आज शिवाराशिवारात सौरपंप दिसतात, तेव्हा त्या आग्रहाची आठवण व्हायला हरकत नाही.

आणि मग आले रीमान अनुमान. मूळ संख्या, म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा दुसऱ्या कशाने भाग न जाणाऱ्या संख्या, कशा विखुरलेल्या आहेत याबद्दलचे हे अनुमान जर्मन गणितज्ञ रीमान यांनी १८५९ मध्ये मांडले. ते आजही सिद्ध झालेले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, संभाव्यतेच्या मार्गाने आपण तिथे पोहोचल्याचा दावा कोसंबींनी केला. हा निबंध त्यांनी दिला तो इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकाला. पीक कापणीचे प्रयोग, नमुना पाहणी, उत्पादनाचे अंदाज या कामात ते नियतकालिक चांगले होते. पण मूळ संख्यांवरचा असा दावा तपासायला लागणारे डोळे तिथे असणे शक्य नव्हते. जाणकारांनी निबंध वाचला तेव्हा सिद्धतेतल्या त्रुटी दिसल्या आणि ती मान्य झाली नाही.

इथे कोसंबींची बाजू घेणारे अनेकदा घाई करतात. चूक झाली होती, आणि ती अशा ठिकाणी छापली गेली होती जिथे ती वेळेत कोणी दाखवून दिली नसती. आधी आठ-दहा जाणकारांनी कच्चा मसुदा फाडून पाहिला असता तर कदाचित बरेच टळले असते. आज गणितज्ञ आपला निबंध छापण्याआधी सर्वांना फुकट वाचता येईल असा इंटरनेटवर ठेवतात. १९९१ पासून ही पद्धत रुळली आणि चुका काही दिवसांत उघड होऊ लागल्या. कोसंबींना ही सोय नव्हती. त्यांचा स्वभावही असा, की टीका ऐकून घेण्यापेक्षा टीका करण्यात जास्त रमणारा.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. सोळा-सतरा वर्षांची नोकरी संपली. कारण रीमानचे, की अणुऊर्जेवरच्या भूमिकेचे, की गणिताच्या प्राध्यापकाने इतिहास आणि संस्कृत यांत वेळ घालवल्याचे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. एवढे खरे, की त्याआधी सहाच वर्षे, १९५६ मध्ये, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला वळण देणारा त्यांचा ग्रंथ आला होता, आणि त्यांचे नकाशाचे सूत्र तर कोणाच्याच हिशेबात नव्हते.

हिशेब ठेवायची आजची पद्धत त्याच काळात आकार घेत होती. अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणी केला याची सूची बाजारात आणली. ग्रंथालयांनी कोणती नियतकालिके घ्यावीत यासाठी तिचा उपयोग होणार होता. त्यातून निघालेला इम्पॅक्ट फॅक्टर हळूहळू माणसांना लावला जाऊ लागला. आपल्याकडे २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके एका झटक्यात काढावी लागली. मग पुण्यातून चालवलेली केअर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही रद्द झाली आणि निवड पुन्हा संस्थांवर आली. दुसरीकडे, नियतकालिकाच्या नावावर किंवा आकड्यावर नव्हे तर कामावर माणूस जोखावा, असा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला, आणि जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. वाचकांच्या बाजूने पाहिले तर केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये देऊन सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली करण्याची योजना २०२५ पासून सुरू केली आहे. मात्र सरकारी संस्थेबाहेरच्या वाचकाला, मग तो गावातला डॉक्टर असो की बियाणे अभ्यासणारा शेतकरी, हे दार उघडलेले नाही.

कोसंबींचे काम यातल्या कोणत्याच यादीत नीट बसले नसते. चार पाने इंग्लंडच्या बदनाम नावाच्या नियतकालिकात, तेरा पाने भारतीय सोसायटीच्या नियतकालिकात, चूक कृषी संख्याशास्त्रात आणि थट्टा प्रांतिक अकादमीत.

नोकरी गेल्यावर दोनेक वर्षे त्यांना पद नव्हते. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते बसू लागले. तिथून भोवतालचे डोंगर, लेणी, लहान दगडी हत्यारे आणि खेड्यांतली दैवते यांचा शोध चालूच होता. मूळ संख्याही सुटल्या नव्हत्या. या काळात पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात एस. डुक्रे या नावाने गणिताचे निबंध आले. ते कोसंबींचेच. आपले नाव पाहून लोक निबंध न वाचताच मत बनवतील, असे त्यांना वाटले असेल, किंवा अलीगढची खोडी पुन्हा उफाळून आली असेल. डुक्रे या नावात मराठी कानाला जो प्राणी ऐकू येतो, तोच त्यांच्या मनात होता, असे जाणकार मानतात.

मूळ संख्यांवर एक पुस्तकही त्यांनी लिहून पुरे केले आणि इंग्लंडमधल्या प्रकाशकाकडे रवाना केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ जून १९६६ च्या पहाटे, पुण्याच्या घरी झोपेतच त्यांचे हृदय बंद पडले. वय ५८. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांचे विखुरलेले गणिती निबंध एकत्र करून एका खंडात छापले गेले. नकाशाची ती चार पाने त्यात आहेत. मूळ संख्यांवरचे ते हस्तलिखित मात्र आजवर सापडलेले नाही.